घरच्या बरबटीचे दहा बर्गर : आदल्या दिवसापासूनची तयारी

दहा शाकाहारी बर्गर घरी करायचे असतील तर तयारी आदल्या दिवशी धरावी लागते, आणि तिची सुरुवात दुकानाच्या यादीने न करता घरातले डबे उघडून करावी. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातून बर्गर खायला तालुक्याला जायचे म्हटले, तर घरातल्या सगळ्यांच्या एस.टी.च्या भाड्यातच बराच पैसा जातो. मुले वसतिगृहातून सुटीवर आली की त्यांची हीच मागणी असते, आणि ती पुरवावी असे मला मनापासून वाटते. म्हणून करून करून जी रीत हाताला बसली ती येथे क्रमाने लिहीत आहे.

प्रथम टिक्की कशाची करायची ते ठरवावे. सोयाबीन घरोघरी पिकते, तेव्हा त्याचाच विचार आधी मनात येतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नास रुपयेसुद्धा नाही, आणि त्याच सोयाबीनची वडी दुकानातून आणताना किलोमागे त्याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात. ही वडी तेल काढून घेतलेल्या सोयापिठापासून यंत्रावर तयार होते. ती घरी जमत नाही. अख्खे सोयाबीन वापरायचे तर ते रात्रभर भिजवून, पाणी बदलून, अगदी मऊ होईपर्यंत शिजवावेच लागते, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. एवढा गॅस जाळण्यापेक्षा माझे मत बरबटीच्या बाजूने आहे. इतरत्र जिला चवळी म्हणतात ती ही बरबटी तुरीत किंवा बांधावर थोडी तरी लावलेली असते, तिचे वडे आपल्याकडे घरोघरी होतात, आणि वड्याचे पीठ ज्याला ओळखता येते त्याला टिक्की वेगळी शिकावी लागत नाही.

पाव किलो बरबटी निवडून, धुऊन, आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावी. सकाळी ती फुगून जवळजवळ दुप्पट भरते. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे: भिजलेली बरबटी चाळणीत किमान अर्धा तास निथळू द्यावी आणि मग स्वच्छ फडक्यावर पसरून पुसून घ्यावी. पहिल्या खेपेला मी ती तशीच ओली मिक्सरमध्ये घातली, पाते फिरेना म्हणून वर पाणी ओतले, आणि सैल झालेले मिश्रण आवळण्यासाठी बेसन घालत गेले. टिक्क्या तव्यावर फुटल्या आणि ज्या टिकल्या त्यांना कच्च्या पिठाची चव आली. वाटण पाण्याविना आणि जाडसरच व्हावे, इतके की चिमटीत घेतल्यावर दाण्याचे तुकडे बोटांना लागतील. याकरिता पाटा-वरवंटा मिक्सरपेक्षा चांगला, आणि आमच्याकडे वीज ज्या वेळी जाते ते पाहता तो धुऊन तयार ठेवणे शहाणपणाचे आहे.

दोन मध्यम आलू सालीसकट उकडून पूर्ण थंड करावेत. गरम आलू कुस्करला तर चिकट होतो. दोन चमचे जवस न भाजता खलबत्त्यात कुटून सहा चमचे पाण्यात दहा मिनिटे ठेवले की त्याचा बुळबुळीत लगदा होतो, आणि मिश्रण धरून ठेवण्याचे काम तो उत्तम करतो. बाहेरच्या पाककृतींत यासाठी अंडे सांगितलेले असते. त्याची गरज उरत नाही. वाटलेली बरबटी, आलू, जवस, बारीक चिरून पिळून घेतलेला एक कांदा, आले, लसूण, हिरवी मिरची, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मीठ एकत्र करून शेवटी तीन-चार चमचे भाजलेले ज्वारीचे पीठ घालावे. गोळा हाताला न चिकटता वळला की पीठ थांबवावे. दहा सारखे गोळे करून पावाच्या रुंदीच्या वाटीच्या मापाने पाऊण बोट जाडीच्या टिक्क्या थापाव्यात आणि तेल लावलेल्या चाळणीत पंधरा मिनिटे वाफवून घ्याव्यात. वाफेने त्या आतपर्यंत शिजतात, घट्ट होतात, आणि नंतर तव्यावर एवढ्याशा तेलात खरपूस होतात. कढईभर तेल वाचते, हा यातला मोठा लाभ आहे.

पावाचा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने अवघड आहे, कारण या पदार्थात घरात नसलेली वस्तू तीच. तालुक्याहून कोणी येणार असेल तर त्याच दिवशी भाजलेले पाव मागवावेत. केवळ पावासाठी फेरी करू नये. घरी करायचे झाल्यास अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम कोरडे यीस्ट, दोन चमचे साखर, एक चमचा मीठ, दोन चमचे तेल आणि सुमारे तीनशे मिलिलिटर कोमट पाणी लागते. पाण्यात बोट सुखाने बुडवता आले पाहिजे. कढत पाण्याने यीस्ट मरते. चक्क्यासाठी दही टांगले असेल तर त्याखाली जमलेले पाणी यातच वापरावे, पावाला गोडसर आंबूस चव येते. कणीक दहा मिनिटे मळून झाकून ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत ती पाऊण तासात दुप्पट होते, पौषात दोन तासही लागतात, तेव्हा घड्याळाकडे न पाहता कणकेकडे पाहावे. गोळे करून पुन्हा फुगू द्यावेत आणि कुकरची शिटी व रबरी रिंग काढून, तळाशी वाटीभर जाडे मीठ पसरून, दहा मिनिटे तापवून, मंद आचेवर पाच-पाचच्या दोन घाण्यांत पंचवीस-तीस मिनिटे भाजावेत. कुकरमध्ये पावाची वरची बाजू पांढरीच राहते. तिला तेलाचे बोट लावून ती तव्यावर क्षणभर उलटी टेकवली की रंग येतो.

लावण्यासाठी विकतचे काही आणू नये. अर्धा लिटर दह्याचा चार तास टांगलेला चक्का, त्यात वाटलेला लसूण, चिमूटभर मोहरीची पूड आणि मीठ, एवढे पांढऱ्या चटणीला पुरते. लाल चटणीसाठी अर्धा किलो भेदरे (टोमॅटो) गूळ, मीठ आणि भिवापुरी मिरचीच्या तिखटाबरोबर आटवून गाळून घ्यावेत. हिवाळ्यात आठवडी बाजारात ते स्वस्त असतात, तेव्हाच जास्तीचे करून ठेवावे. पत्ताकोबी, काकडी व कांद्याच्या चकत्या चिरून फडक्यावर कोरड्या कराव्यात.

बर्गर रचण्याचे काम पंगत बसल्यावरच सुरू करावे. पावाच्या आतल्या बाजू तव्यावर शेकून घ्याव्यात, म्हणजे चटणीने पाव भिजत नाही. शेतात डबा न्यायचा असेल तर टिक्क्या, पाव आणि चटण्या वेगवेगळ्या द्याव्यात. उन्हाळ्यात चक्क्याची चटणी डब्यात घालूच नये, लालच द्यावी. टिक्क्या उरल्या तर संध्याकाळी कुस्करून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत परताव्यात आणि भाकरीबरोबर वाढाव्यात.