मोंतीच्या जेवणाची तयारी: आधी लोंब्या, मग भाज्या

8 सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिवस. मंगळूरकडचे कॅथलिक याला मोंती फेस्त म्हणतात. मंगळूरजवळच्या फरंगीपेठेच्या मोंते मारियानो चर्चमध्ये 1763 च्या सुमारास गोव्याहून आलेल्या फादर जोआकिम मिरांडांनी हा सण सुरू केला, असं मानतात. माझं सासर मूळचं तिकडचं, बिऱ्हाड मात्र सांगलीत. त्यामुळे तिकडे जे अंगणापलीकडच्या शेतात मिळतं, ते इथं आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. अर्थात, आठवण राहिली तर.

जेवण शाकाहारी असतं. भाज्या विषम संख्येत करायच्या, पाच, सात किंवा नऊ. पण सणाचा जीव भाज्यांत नाही, नव्या भाताच्या लोंब्यांत आहे. चर्चमध्ये त्यांना आशीर्वाद मिळतो, त्या घरी आणायच्या, चार दाणे सोलून, कुटून खिरीत घालायचे आणि जेवणाआधी प्रत्येकानं चमचाभर घ्यायची. 2024 ला आमच्याकडे नऊच्या नऊ भाज्या झाल्या होत्या आणि लोंबी एकही नव्हती. सासरे ताटली हातात धरून अल्तारासमोर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यासमोर, उभे राहिले, प्रार्थना म्हटली आणि ताटली तशीच खाली ठेवली. बोलले काहीच नाहीत, जेवणभर.

म्हणून पहिलं काम लोंब्यांचं, आणि ते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. सांगली-मिरजेच्या आसपास ऊस, हळद, सोयाबीन, द्राक्ष सगळं दिसेल, भात नाही. भातासाठी शिराळा तालुका गाठायचा. तिथं धूळवाफेवर, पाऊस यायच्या आधीच पेरणी होते, त्यामुळे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाण्यावर आलेलं असतं. शेतकऱ्याला ‘भाताच्या लोंब्या द्या’ एवढंच सांगून भागत नाही. गरवं, म्हणजे उशिरा येणारं, भात तेव्हा पोटरीत असतं, लोंबी अजून आतच, फार तर नुकतं निसवलेलं. ती लोंबी दिसायला हिरवीगार आणि सोलली की आत दुधाचा थेंब. हळवं, दाणा भरलेलं, असं स्पष्ट सांगा. एक दाणा नखानं दाबून बघायला सांगा. शिराळ्यात ओळख नसेल तर पन्हाळा, शाहूवाडी, पाटण अशा भागातलं कोणी ना कोणी आपल्या ऑफिसात किंवा सोसायटीत असतंच. विचारायला लाजू नका. चार लोंब्यांना नाही म्हणणारा शेतकरी मला तरी भेटलेला नाही.

किती आणायच्या? माणशी एक, अल्तारासाठी एक आणि परगावी असलेल्या मुलांच्या नावाच्या वेगळ्या. देठ लांब ठेवून कापायच्या. ओल्या फडक्यात सैल गुंडाळायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधल्या तर या दमट हवेत काळ्या पडतात. 6 तारखेला घरात आल्या पाहिजेत, 8 ला सकाळी नाही. एसटी उशिरा आली, पावसानं ओढ्याला पाणी आलं, असली कारणं त्या दिवशी ऐकायची माझी तयारी नाही.

आणि फादरना आधी सांगा. इथल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणारी कुटुंबं ठिकठिकाणची, कोणी गोव्याचं, कोणी केरळचं, कोणी इथलंच. सगळ्यांकडे ही रीत नाही. लोंब्यांना आशीर्वाद देतात का, मिस्साच्या आधी की नंतर, हे रविवारीच विचारून घ्या. भात मिळालंच नाही तर जत-आटपाडीकडच्या बाजरीचं कणीस चालतं, असं माझं मत. शेवटी नवं धान्य देवाला दाखवणं महत्त्वाचं. सासूबाईंना हे मुळीच मान्य नाही. तेव्हा पुन्हा विचारते, लोंब्या सांगितल्या का?

नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 30 ऑगस्टपासून. मरियामातेला वाहायला मुलांना रोज फुलं लागतात. तेरडा, गुलबक्षी, कुंपणावरचं काहीही चालतं, हारवाल्याकडे जायची गरज नाही. सणाच्या दिवशी मुलांना ऊस वाटतात. सांगलीत त्याची काय चिंता!

भाज्या 7 ला सकाळी घ्या. 2024 ला, लोंब्या राहिल्या त्या वर्षी, 8 ला ऋषीपंचमी होती. ऋषीच्या भाजीला लागतं तेच आपल्याला लागतं, अळू, भेंडी, पडवळ, दोडका, माठ, लाल भोपळा. सगळ्या बायका त्याच पाटीभोवती, आणि मी त्या गर्दीत पडवळासाठी भांडत होते म्हणूनच लोंब्या डोक्यातून गेल्या. 2026 ला गणपती 14 ला आहेत, बाजार जरा हाताशी राहील. अळूत चिंच किंवा आमसूल घालाच, नाहीतर घसा खवखवतो. तिकडे आंबाडे, ती आंबट फळं, घालतात, इथं मिळाले तर उत्तम. लांब चवळीच्या शेंगा कोवळ्याच घ्या. मोजताना कांदा, मिरची, खोबरं धरायचं नाही. दरवर्षी कोणीतरी कांदा धरून नऊ करतं. नऊ जमत नसतील तर सरळ सात करा, पण आठ नको.

हळदीची पानं आणू नका असं नाही. इथं हळदीच्या रानात पानंच पानं असतात आणि पातोळ्यांचा मोह होतो. पण पातोळ्या 15 ऑगस्टच्या, मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या. दोन्हीकडे हात घातला तर 7 च्या रात्री झोप मिळत नाही. करायच्याच असतील तर एका रोपाचं एकच पान काढा. रोप ओरबाडलं तर गड्डा पोसत नाही आणि पुढच्या वर्षी मालक दारात उभं करत नाही.

सान्नांसाठी, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांसाठी, उकडे तांदूळ 7 ला सकाळीच भिजवा. ताडी इथं कुठली, यीस्टच घालायचं. पण या थंड ओल्या हवेत पीठ लवकर फुगत नाही. संध्याकाळी दळून उबेत ठेवा. नाहीच फुगलं तर भात करा, कोणी विचारत नाही.

वोर्न म्हणजे खीर, मूगडाळ किंवा हरभराडाळीची. डाळ पूर्ण शिजल्यावर गूळ. गूळ आधी घातला तर डाळ दडदडीत राहते. दुसरं, पातळ दूध त्यात उकळायचं आणि नारळाचं पहिलं, दाट दूध अगदी शेवटी, गॅस बंद करून. उकळी आली की फाटतं. वेलची. आणि चर्चमधून आल्यावर सोललेले, कुटलेले ते दाणे. ते दाणे कुठून येणार? शिराळ्याहून, 6 तारखेला. फोन केला नसेल तर हे वाचणं इथंच थांबवून आधी तो करा.

केळीची पानं 7 लाच, पुसून, उलटी रचून. मासे, मटण त्या दिवशी घरात नको, मुलांची तोंडं वाकडी झाली तरी.

8 ला मिस्सा, घरी, प्रार्थना, चमचा चमचा वोर्न वडीलधाऱ्यांच्या हातून, मग पानं. शेजाऱ्यांना डबे आधी भरून बाजूला काढा, नंतर काही उरत नाही. उरलेल्या लोंब्या केरात टाकायच्या नाहीत, अल्तारावर बांधून ठेवायच्या. वोर्न उरलं तर लगेच फ्रीजमध्ये, बाहेर राहिलं तर सकाळी आंबलेलं असतं.