टाके निघाले म्हणजे जखम भरली असे नव्हे : शस्त्रक्रियेच्या वणाबाबत या चुका टाळा

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी टाके निघतात, अंघोळीला परवानगी मिळते आणि घरचे निर्धास्त होतात. वणाबाबतच्या बहुतेक चुका येथूनच सुरू होतात, कारण वरची कातडी मिटली असली तरी खालच्या अंतस्त्वचेत, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची बांधणी नुकती कुठे सुरू झालेली असते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेची ताकद मूळ त्वचेच्या १० टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही, तिसऱ्या आठवड्यात ती २० ते ३० टक्के असते आणि सुमारे तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. मूळ त्वचेइतकी ताकद वणाला पुढे कधीच येत नाही.

निरोगी अंतस्त्वचेत कोलॅजनचे तंतू बाजेच्या सुतळीसारखे उभे-आडवे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे कोणत्याही बाजूने ताण आला तरी तो वाटला जातो. वणात मात्र ते घाईने भरले जातात आणि बरेचसे एकाच दिशेने, एकाला एक लागून बसतात. सुरुवातीला तिसऱ्या प्रकारचे बारीक कोलॅजन अधिक असते. ते मोडून त्या जागी पहिल्या प्रकारचे जाड कोलॅजन येण्यास वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. लवचीक तंतूंची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते ज्या प्रथिनाचे बनतात ते इलॅस्टिन त्वचेच्या कोरड्या वजनात २ ते ४ टक्केच असते, पण ताणलेली कातडी परत जागेवर आणण्याचे काम त्याचेच, आणि ते मुख्यतः जन्माच्या आगेमागे व बालपणी तयार होते, त्यामुळे नव्या वणात ते फारसे नसते. वणाशेजारची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच पूर्ववत बसते; वण मात्र चिमटीत नीट येतच नाही.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वजन उचलण्याची घाई. मराठवाड्यात तिला हंगामाचे कारण असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासनाला समिती नेमून चौकशी करावी लागली. त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या की नव्हत्या हा प्रश्न गंभीरच आहे, परंतु पोटावर ताजा वण घेऊन उसाची मोळी डोक्यावर चढवणे हाही स्वतंत्र धोका आहे. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड वजन उचलू नये, असे सांगितले जाते. कातडीखालच्या थरातील जोड याआधीच ताणला गेला, तर पुढे वणाजवळ फुगवटा येतो, खोकताना तो वाढतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. हा हर्निया असतो. त्याला पट्टा बांधून वर्षानुवर्षे अंगावर काढू नये.

उलट टोकाची चूक म्हणजे टाके वेळेवर न काढणे. पेरणी चालू आहे, तालुक्याला जाणे होत नाही, म्हणून दिवस पुढे ढकलले जातात. चेहऱ्याचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत, पोटाचे आणि हातापायांचे दहा ते चौदा दिवसांत काढायचे असतात; ते फार काळ राहिले तर धाग्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा कायमच्या उमटतात.

वण रुंद झाला की दोष टाके घालणाऱ्या हाताला दिला जातो. तो नेहमीच खरा नसतो. त्वचेत तंतूंच्या मांडणीनुसार ताणाच्या ठरावीक रेषा असतात, ज्यांचा नकाशा व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये मांडला. त्या रेषांच्या दिशेने दिलेला छेद बारीक राहतो. सिझेरियनचा ओटीपोटावरचा आडवा वण म्हणूनच मिटून जातो आणि मधोमध दिलेला उभा वण पसरतो. तातडीच्या काही प्रसंगी मात्र उभा छेद द्यावा लागतो.

आता पथ्याविषयी. ‘आंबट खाल्ले की जखमेत पू होतो’ हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की लिंबू, आवळा, पेरू, चिंच सारे महिनाभर बंद होते, सोबत डाळ आणि अंडीही जातात, आणि रुग्ण ज्वारीच्या पातळ कण्यांवर राहतो. यासारखे उलटे पथ्य दुसरे नाही. कोलॅजनची साखळी घट्ट विणणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) क जीवनसत्त्व लागते. ते फारच कमी पडले की स्कर्व्ही होतो, ज्यात जुने वणसुद्धा उकलू शकतात. कोलॅजन हे प्रथिन आहे, म्हणून डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी जेवणात हवीतच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे हे मात्र खरे पथ्य. कोलॅजनची महाग पावडर पोटात गेल्यावर पचून तिचे बारीक तुकडे होतात, ते वणापर्यंतच पोहोचतील असे नाही. आणि कोलॅजनचे क्रीम लावले तर तो मोठा रेणू त्वचेत शिरतच नाही.

तंबाखू, गुटखा आणि मशेरी यांबाबत सूट नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला प्राणवायू कमी मिळतो. मशेरी दातांना लावली तरी निकोटीन रक्तात जातेच, हे बायकांना कोणी सांगत नाही.

उघड्या जखमेवर हळद, राख किंवा चुना लावू नये. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, रंग उजळवणारी म्हणून विकली जाणारी ट्यूबही लावू नये, कारण त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते आणि त्याने त्वचा पातळ होते व भरण मंदावते. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज बारा तासांहून अधिक, दोन-तीन महिने वापरणे हा त्यापेक्षा विश्वासाचा उपाय आहे. वैशाखाच्या उन्हात ताजा वण उघडा राहिला तर काळवंडतो. पदर किंवा उपरणे, अन् चेहरा असेल तर सनस्क्रीन, एवढे पुरते.

वण पहिले काही महिने लालसर, टणक आणि खाजरा असणे स्वाभाविक आहे. तो फुगला तरी मूळ जखमेच्या हद्दीत राहिला, तर कालांतराने बसण्याची शक्यता असते. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरू लागला, तर तो कीलॉइड. छाती, खांदा आणि टोचलेल्या कानाच्या पाळीवर तो विशेषतः दिसतो. तो नुसता कापून टाकण्याचा हट्ट धरू नये, कारण कापल्यावर बहुधा पुन्हा येतो, कधी पहिल्यापेक्षा मोठा. वणातच दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावी लागतात, आणि पहिल्या दोन सुयांनंतर फरक दिसला नाही म्हणून उपचार मध्येच सोडणाऱ्यांचीच संख्या मोठी असते.