पैदाशीचा कोंबडा आणि त्याच्या पायाचा काटा

कोंबडीच्या पाठीवरची पिसं जाऊन कातडी उघडी पडली की बरेच जण उवांचं औषध मारतात. आधी कोंबड्याचे पाय बघा. तो कोंबडीवर चढतो तेव्हा पायाच्या मागच्या बाजूचा वाढलेला काटा आणि धारदार नख्यांनी तिची पाठ सोलली जाते. मग दुखावलेली कोंबडी कोंबड्याला जवळ येऊ देत नाही आणि अंडी फळत नाहीत.

काट्याच्या आत पायाच्या नळीला जोडलेलं जिवंत हाड असतं, त्यात रक्त खेळतं. वर नखासारखं कठीण टरफल. कापायचं ते फक्त टरफलाचं टोक. अंधार पडल्यावर कोंबडा खुराड्यातून उचला, डोक्यावर फडकं टाका, दुसऱ्याला पाय धरायला सांगा. मुळापासून निदान 2 सेंमी सोडून हॅक्सॉच्या बारीक दातांच्या पात्याने थोडं थोडं कापा. पकडीने दाबून तोडलं तर टरफल उभं चिरतं. कापल्या जागी मधोमध गुलाबी किंवा ओलसर ठिपका दिसला की थांबा आणि कानशीने टोक गोल करा. नख्यांची टोकंही त्याच वेळी घासा. रक्त आलंच तर तुरटीची पूड 2-3 मिनिटं दाबून धरा आणि कोंबडा वेगळा ठेवा, नाहीतर रक्त बघून बाकीच्या टोचत सुटतात.

गरम बटाटा खुपसून अख्खं टरफल पिळून काढायची युक्ती सांगितली जाते. ती नकोच. भाजतं, आतलं हाड उघडं पडतं आणि पावसाळ्यात माशा बसून किडे होतात. काटा वळून पायात रुतत असेल किंवा मुळाशी सूज असेल, तर काम पशुवैद्याचं.

गावरान 8-10 कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तो 8 महिन्यांच्या पुढचा, सरळ बोटांचा, लाल तुऱ्याचा घ्या. गिरिराजसारख्या संकरित जातीचा पैदाशीला ठेवू नका. पिल्लं एकसारखी निघत नाहीत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना भरपूर असतो, तो कोंबड्याच्या मूत्रपिंडांना जड जातो. म्हणून सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं, कमी चुन्याचं) खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना हवा त्या खातील. बसायची काठी दीड फुटावर पुरे. उंचावरून उड्या मारून जड कोंबड्याच्या तळव्याला गाठ येते.

कोंबडा बदलला तर 3 आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, कारण जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात तेवढे दिवस टिकू शकतं. उबवायची अंडी निमुळतं टोक खाली करून सावलीत साठवा आणि 7 दिवसांच्या आत उबवायला ठेवा. उन्हाळ्यात 3-4 दिवसांतच. खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली 10-12 पुरेत. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरा: शिरांचं जाळं दिसलं तर फळलेलं, स्वच्छ पिवळसर दिसलं तर नाही. निम्म्याहून जास्त स्वच्छ निघाली, तर पुन्हा कोंबड्याच्या पायांकडे वळा. आणि दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी बदला, नाहीतर तो आपल्याच तलंगांवर, म्हणजे वयात आलेल्या लेकींवर, चढतो.