रिकाम्या कॅचने गिळलेल्या फाइली

जावामधील एका लहान प्रोग्रॅममध्ये फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या ओळी मोजताना मी फॉरईचला (प्रत्येक घटकावर दिलेले काम करणारी मेथड, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा) दिलेल्या लॅम्डातून (बिननावाच्या छोट्या फंक्शनमधून) फाइल वाचत होतो आणि कंपायलर (कोड तपासून भाषांतरित करणारा प्रोग्रॅम) आयओएक्सेप्शन (फाइल वाचता-लिहिताना येणारी त्रुटी) हाताळले नसल्याची तक्रार करत होता. माझ्या मेथडपुढे थ्रोज (ही मेथड अशी त्रुटी बाहेर फेकू शकते, अशी घोषणा) लिहूनही ती थांबेना, कारण असा लॅम्डा म्हणजे कन्झ्युमर इंटरफेसमधील (मेथडच्या आधीच ठरलेल्या साच्यातील) ॲक्सेप्ट या मेथडचीच अंमलबजावणी असते आणि त्या मेथडने कोणतेही चेक्ड एक्सेप्शन (जी हाताळण्याची किंवा जाहीर करण्याची कंपायलर सक्ती करतो अशी त्रुटी) जाहीर केलेले नाही. मग मी लॅम्डातच रिकामा कॅच ब्लॉक (त्रुटी पकडून काहीच न करणारा भाग) लिहिला (हा निव्वळ आळस होता). परिणामी वाचनाची परवानगी नसलेल्या फाइली बेरजेतून गुपचूप गळाल्या आणि चूक शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली.

शेवटी कॅचमध्ये मूळ एक्सेप्शन, जावा ८ पासून उपलब्ध असलेल्या अनचेक्डआयओएक्सेप्शनमध्ये (जे जाहीर करण्याची सक्ती नसते) गुंडाळून, थ्रो केले. फॉरईचच्या बाहेर ते पकडून गेटकॉजने (आत गुंडाळलेली मूळ त्रुटी देणाऱ्या मेथडने) मिळालेले आयओएक्सेप्शन पुन्हा थ्रो केले. त्यामुळे माझ्या मेथडपुढील थ्रोजची घोषणा आता खरी ठरते आणि अडलेल्या फाइलचा मार्गही संदेशात दिसतो. साधा फॉर लूप वापरला असता तर हा खटाटोप टळला असता, हेही मान्य करतो.