माल्टाला निघण्याआधी

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, विमा, युरो. हे सांगायला नको. पण या सगळ्याच्या आधी हायपोजिअमचं तिकीट काढा.

पावला गावात जमिनीखाली खडक कोरून केलेली ही दफनभूमी 1902 साली घरांचं बांधकाम चालू असताना सापडली. गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. माणसांच्या श्वासाने आतली हवा बिघडते आणि छतावरची गेरूची नक्षी खराब होते, म्हणून एका खेपेला 10 आणि दिवसाला जेमतेम 80 माणसं सोडतात. उन्हाळ्यातली तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपतात. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणू नका. मी ते दार बाहेरून अगदी नीट पाहिलंय. 6 वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, तेव्हा पोर कोण सांभाळणार तेही आत्ताच ठरवा.

हॉटेल? राजधानी वालेटात किंवा समोर स्लीमाला, पण तिकिटाची तारीख हातात आल्यावरच. देश 316 चौरस किलोमीटरचा, तरी बस वाहतुकीत अडकते. एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको.

ॲडॅप्टर ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा. आपला गोल पिनांचा प्लग चालत नाही. गाडी घेणार असाल तर वाहनं आपल्यासारखीच डावीकडून.

वालेटाच्या सेंट जॉन्स कॅथेड्रलसाठी सपाट तळाचे बूट आणि खांदे झाकणारा कपडा घ्या. जमीनभर सरदारांच्या संगमरवरी समाध्या आहेत, टोकदार टाचांनी त्या खरवडतात. काराव्हाजिओचं 1608 चं प्रचंड चित्र इथेच. त्याने सही केलेलं हे एकमेव. रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही.

अझुर विंडोचे फोटो पाहून गोझो बेटाचा बेत आखत असाल तर थांबा. ती कमान 8 मार्च 2017 ला समुद्रात कोसळली. गोझोला जा ते जगान्तियाच्या मंदिरांसाठी. गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचं भाडं परतताना घेतात, जाताना खिडकी शोधत बसू नका.

तिकीट काढलंत ना? हायपोजिअमचं विचारतोय, विमानाचं नाही.

खाणं: पास्तिझी, म्हणजे सारण भरून भाजलेले खुसखुशीत पदार्थ, मटारचे किंवा रिकोटा चीजचे. शाकाहारींनी पारीत चरबी आहे का ते विचारावं. बाकी टोपी, पाण्याची बाटली, रबरी चपला. किनारा बराचसा खडकाळ आहे, वाळू कमीच.