जगात एकच असलेल्या गाडीचं मॉडेल: आधी तारीख ठरवा

ज्या गाडीच्या छोट्या मॉडेलचा संच दुकानात मिळतो ती जुळवायला संयम पुरतो. मला नाद लागला तो ज्यांचा संच मिळतच नाही अशा गाड्यांचा. प्रदर्शनासाठी एकदाच घडवलेल्या, चाचणीसाठी उभ्या केलेल्या, किंवा एखाद्या हट्टी माणसाने शर्यतीसाठी करून घेतलेल्या. नोकरीची सगळी वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे गेली, त्यामुळे माप नसलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. आजवर अकरा मॉडेलं बांधली. चार दाखवण्यासारखी झाली. उरलेल्या सातांपैकी पाच एकाच चुकीने वाया गेली, म्हणून ती चूक आधी सांगते.

मी समजत होते, गाडी एकच आहे म्हणजे तिचं रूपही एकच असणार. असतं नेमकं उलट. हजारोंनी निघणाऱ्या गाडीचं रूप ठरलेलं असतं, तिच्या सुट्या भागांची यादी असते. एकुलत्या एक गाडीला असलं बंधन नसतं. जो मालक येतो तो तिच्यावर हात चालवतो.

लँबोर्गिनी मिउरा रोडस्टर घ्या. बेर्तोने या इटालियन बॉडी घडवणाऱ्या कंपनीने ही एकच घडवली आणि १९६८ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात मांडली. बाहेर फिकट निळा मेटॅलिक रंग, आत पांढरं चामडं, पायाखाली लाल गालिचा. पुढे शिसं आणि जस्त यांवर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने ती घेतली, बंपर-जाळ्यांसकट कितीतरी भाग जस्ताच्या मिश्रधातूंचे केले, रंग हिरवा दिला आणि ‘झेडएन ७५’ या नावाने जगभर मिरवली. २००८ मध्ये ती पुन्हा निळी होऊन पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आली. मी काय केलं? रंग निळा दिला, लाल गालिचा अंथरला, आणि जस्ताच्या काळातले फोटो समोर ठेवून बंपर नि जाळ्या चकचकीत केल्या. अशी गाडी एकाही दिवशी अस्तित्वात नव्हती. चार महिन्यांचं काम. छप्पर नसल्यामुळे आता निदान टाचण्या ठेवायला उपयोगी पडते.

हे एकट्या मिउराचं नाही. पिनिनफारिना या दुसऱ्या इटालियन कंपनीची १९७० ची मोदुलो आधी काळी होती, मग पांढरी झाली. अॅस्टन मार्टिनची बुलडॉग चंदेरी जन्मली, पुढच्या मालकाकडे हिरवी झाली, आणि डागडुजीनंतर पुन्हा चंदेरी होऊन २०२३ मध्ये एकदाची ताशी २०० मैलांच्या पुढे गेली. जॅग्वारची एक्सजे१३ तयार झाली १९६६ मध्ये, १९७१ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी चाक मोडून कोलांट्या खाल्ल्या, आणि नंतर जी बॉडी बसवली ती पहिल्यासारखी तंतोतंत नाही. आज उभी आहे ती एक्सजे१३ मोजून तुम्ही १९६६ ची बांधू शकत नाही. आणि अमेरिकन गाडीनिर्माते कॅरोल शेल्बी यांची पहिली कोब्रा, सीएसएक्स२०००, तर मुद्दाम फसवण्यासाठीच रंगवली जायची. दर नियतकालिकाच्या चाचणीआधी नवा रंग, म्हणजे वाचकाला वाटावं की कारखान्यातून भराभर गाड्या निघतायत! तिचा ‘खरा रंग कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या आठवड्यातला, ते विचारा.

तर पहिलं काम कागदाच्या एका चिठोऱ्यावर तारीख लिहिण्याचं. वर्ष नाही, तारीख. प्रदर्शन असेल तर उद्घाटनाचा दिवस, शर्यत असेल तर शर्यतीचा.

उदाहरणाला माझी सगळ्यात बरी जमलेली गाडी घेते. १९६१ च्या अखेरीस फेरारीतून काही बडी मंडळी बाहेर पडली, त्यात अभियंते जोत्तो बिझ्झारिनी होते. शर्यतीचा संघ चालवणाऱ्या काउंट जोव्हान्नी व्होल्पीने या मंडळींच्या नव्या उद्योगाला पाठबळ दिलं, तेव्हा एन्झो फेरारीने त्याला शर्यतीची नवी गाडी, २५० जीटीओ, विकायला नकार दिला. व्होल्पी कसला ऐकतो. आपल्याकडची जुनी २५० जीटी एसडब्ल्यूबी, चॅसी (सांगाडा) क्रमांक २८१९, त्याने बिझ्झारिनींच्या हवाली केली. इंजिन खाली आणि मागे सरकलं, नाक जमिनीकडे झुकलं, छप्पर सरळ शेपटापर्यंत नेऊन तिथे एकदम कापलं. बॉडी मोदेनात पिएरो द्रोगोच्या कारखान्यात ठोकली. पाव पोचवणाऱ्या गाडीसारखी दिसते म्हणून इंग्लिश पत्रकारांनी तिला ‘ब्रेडव्हॅन’ म्हटलं. माझ्या चिठोऱ्यावर लिहिलं होतं: ले मान्स, २३ जून १९६२. फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीचा दिवस.

आता फोटो. मी तीन पाकिटं करते: त्या दिवसाचे, त्याच्या आसपासचे, आणि बाकीचे. पहिल्या पाकिटातला फोटो कितीही धुरकट असो, तिसऱ्या पाकिटातल्या झकास रंगीत फोटोपुढे त्याचंच खरं मानायचं. तिसऱ्या पाकिटाकडे फक्त न बदलणाऱ्या गोष्टींसाठी जायचं, जसं काचेचा कल किंवा दरवाजाची वळणं. जुन्या गाड्यांच्या शर्यतींत आजही धावणाऱ्या गाडीत नव्या धर्तीचे सीटबेल्ट असतात, अग्निशामक असतो, वीज तोडायचं बटण असतं. हे सगळं नकळत मॉडेलमध्ये शिरतं.

फोटो उलटा छापलेला तर नाही ना, हेही याच वेळी तपासा. शर्यतीच्या गाडीवर क्रमांक असतो म्हणून कळतं. प्रदर्शनातल्या कोऱ्या गाडीचं कळत नाही. शेजारी उभ्या पुरुषांच्या कोटाची बटणं बघा, किंवा मागची पाटी. मी एकदा पेट्रोलचं झाकण चुकीच्या बाजूला बसवलं, ते एका दिमाखदार पानभर फोटोवर विसंबून.

मापाकडे वळू. इथे नवखे हात टेकतात, कारण ‘एकच गाडी, आराखडे कुठून आणू?’ पण अशा बहुतेक गाड्यांचा सांगाडा उसना असतो. माझेराती बूमरँगच्या खाली त्याच कंपनीच्या ‘बोरा’ गाडीचे भाग, अल्फा काराबोच्या खाली अल्फाच्याच ‘३३ स्त्रादाले’ गाडीची चॅसी. ज्या गाडीवरून सांगाडा आला तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, छापील मिळतो. एसडब्ल्यूबीचा २४०० मिमी. १:२४ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्यात, बरोबर १०० मिमी. ही गाडी निवडण्याचं अर्धं कारण तेच होतं, कबूल करते. मात्र सांगाडा मध्ये कापून लांबवला आहे का, हे आधी बघा. मिउराचा व्हीलबेस सुमारे २५०० मिमी. त्याच सांगाड्यावरून केलेल्या लँबोर्गिनीच्या मार्झाल या गाडीचा २६२०, कारण मागे माणसं बसवायची होती. मिउराचं माप गृहीत धरलं असतं तर १:२४ मध्ये पाच मिमी आखूड मार्झाल झाली असती.

दुसरं भरवशाचं माप रिमचं. टायर फुगतो, दबतो, शर्यतीगणिक बदलतो; रिम बदलत नाही. १५ इंची रिम म्हणजे टायर बसतो तिथे ३८१ मिमी, १:२४ मध्ये जेमतेम १६ मिमी; बाहेरून दिसणारी कड त्याहून थोडी मोठी असते. ही दोन मापं हातात आली की फोटोतून बाकी सगळं काढता येतं.

कसं, ते नीट सांगते, कारण सगळा डोलारा यावर उभा आहे. अगदी बाजूने काढलेला फोटो मिळणं कठीण; गाडी थोडी तिरकी असतेच. तिरकं चाक फोटोत लंबवर्तुळ दिसतं. त्याची उंची खरी राहते, रुंदी आखडते. रुंदीला उंचीने भागा. उत्तर ०.९४ आलं तर गाडी सुमारे २० अंशांनी वळलेली आहे, कारण २० अंशांची कोज्या ०.९४ असते. आता फोटोतली गाडीच्या लांबीच्या दिशेची मापं त्याच ०.९४ ने भागा, म्हणजे ती सरळ होतात. उभ्या मापांना हात लावू नका. पडताळा हवाच: असा सरळ केलेला व्हीलबेस आणि रिम यांचं गुणोत्तर छापील आकड्यांशी जुळलं पाहिजे. ब्रेडव्हॅनमध्ये २४०० भागिले ३८१, म्हणजे ६.३ च्या आसपास; रिमची बाहेरची कड मोजलीत तर त्याहून थोडं कमी. नाही जुळलं तर फोटो दोषी.

दोष बहुधा लेन्सचा असतो. प्रदर्शनात फोटोग्राफर गर्दीत चेपलेला, वाइड लेन्स लावून गाडीला जवळजवळ चिकटून उभा असतो. जवळचा कोपरा फुगतो, दूरचा पळतो. फोटोत पुढच्या आणि मागच्या रिमच्या उंचीत शंभरात तीन-चारपेक्षा जास्त फरक दिसला की मी तो फोटो मापासाठी वापरत नाही. लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले शर्यतीचे फोटो यासाठी सोनं. दिसायला कंटाळवाणे असतात, म्हणून फारसे कुठे छापले जात नाहीत; हुडकावे लागतात.

रंगाबद्दल एवढंच, की कृष्णधवल फोटोवरून रंग सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या काळच्या नेहमीच्या फिल्मवर लाल आणि हिरवा जवळपास सारखेच करडे उमटतात, आणि लेन्सपुढे फिल्टर असेल तर आणखी घोळ. जुन्या रंगीत स्लाइडही विटून गुलाबी होतात. फोटोत टायरचा काळा किंवा शर्टाचा पांढरा खरा दिसतोय का ते बघायचं, आणि त्या मानाने रंग जोखायचा.

बॉडीसाठी मी अजून लाकडाचा ठोकळाच घेते. संगणकावर आकार काढून छापून घेणारे मित्र हसतात, हसू देत. बारीक रेषांचं, राळ नसलेलं मऊ लाकूड हवं. ठोकळ्यावर वरचं चित्र आणि बाजूचं चित्र चिकटवा. आधी वरच्या चित्राप्रमाणे करवतीने कापा, कापलेले तुकडे टेपने परत जागेवर लावा, मग बाजूच्या चित्राप्रमाणे कापा. टेप सोडलीत की आत ओबडधोबड गाडी बसलेली असते. त्या क्षणासाठी मी हे सगळं करते.

पुढचं काम कानस, पॉलिश पेपर आणि जाड पुठ्ठ्याचे साचे यांचं. गाडी सहा ठिकाणी आडवी कापली तर जो छेद दिसेल त्याच्या अर्ध्या भागाचा साचा कापायचा, म्हणजे तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला लावता येतो. कोणी म्हणेल, हाताने ठोकलेल्या अॅल्युमिनियमच्या बॉडीची डावी-उजवी बाजू कुठे सारखी असते? खरं आहे. पण पाच मिमीचा फरक इथे ०.२ मिमी होतो. तो घालायला गेलात तर तुमचीच चूक वाटेल. खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरा, प्रायमरचा पातळ हात मारा आणि ठोकळा दिव्याखाली तिरका धरा. डोळ्याला न दिसलेली उंचसखल प्रायमरवर चमकते. ब्रेडव्हॅनच्या छपराला मी हे नऊ वेळा केलं. सपाट दिसणारं ते छप्पर सपाट नाही, आणि तिथेच सगळं रूप आहे.

या ठोकळ्यावरून पोकळ बॉडी कशी उतरवायची, तो सगळा उद्योग कुठल्याही मॉडेलसारखाच, त्यात शिरत नाही. ब्रेडव्हॅनच्या बॉनेटवर कार्ब्युरेटर झाकणारा पारदर्शक फुगा आहे, तेवढं सांगते. त्याचा लहान लाकडी ठसा करा, प्लॅस्टिकचा पातळ पारदर्शक पत्रा मऊ होईपर्यंत तापवा आणि ठशावर झटक्यात खाली ओढा. दहांत एक स्वच्छ निघतो. नऊ फेकताना वाईट वाटून घेऊ नका.

रंग पातळ, हे जाडजूड अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. मॉडेलवर ०.१ मिमीचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिमी. दरवाजाची फट खरी चार मिमी असेल तर इथे ०.१७ मिमी, ती कोरायला सुईचं टोक पुरतं, आणि रंग जाड झाला तर ती बुजते. मेटॅलिक रंगात आणखी एक फजिती: गाडीच्या रंगातले चमचमते कण मॉडेलवर नाण्याएवढे वाटतात. सर्वांत बारीक कणांचाच घ्या.

शेवटी मळ, तेल, माश्यांचे डाग. ही हौस सगळ्यांना असते, आणि इथे पुन्हा चिठोरा काढायचा. ब्रेडव्हॅन ले मान्सला क्रमांक १६ घेऊन उतरली, जीटीओंच्या पुढे धावली आणि चौथ्या तासात ड्राइव्हशाफ्टने, म्हणजे चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याने, दगा दिला. म्हणजे रात्रीची काजळी, सकाळची धूळ, चोवीस तासांचं तेल, यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नाही. मी तर तारखेखाली वेळही लिहिली होती: दुपारी चारच्या आधी. शर्यत सुरू व्हायची आहे, गाडी नुकती पुसलेली. म्हणून माझी ब्रेडव्हॅन लख्ख लाल आहे, टायरसुद्धा कोरे. बघणारे विचारतात, रंगकाम अर्धवट का ठेवलंत? मी मॉडेल उलटं करून तळाला चिकटवलेला चिठोरा दाखवते.