लांब लेन्ससाठी ट्रायपॉड: हिवाळ्यापूर्वीची तयारी

पूर्व विदर्भात धानाची कापणी आटोपत आली आणि मालगुजारी तलावांवर उत्तरेकडची बदके उतरू लागली, की लांब लेन्स कपाटाबाहेर निघतात आणि त्यांच्या मागोमाग ट्रायपॉडची चौकशी सुरू होते. ही चौकशी दुकानातून न करता घरातल्या वजनकाट्यापासून सुरू करावी. कॅमेरा, लेन्स, तिची कॉलर (लेन्स ट्रायपॉडवर बसवण्याचे कडे), हूड आणि वापरत असल्यास टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारी जोडलेन्स) असे सगळे जोडून एकत्र वजन करावे आणि तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. निकॉनची २००-५०० मिमी लेन्स कॉलरसह २.३ किलो भरते, सोनीची २००-६०० मिमी २.१ किलोच्या किंचित वर जाते, आणि सिग्माची १५०-६०० मिमी कंटेम्पररी दोन किलोच्या थोडी आत राहते. त्यात कॅमेऱ्याचे वजन मिळवले की बहुतेकांचा आकडा तीन किलोच्या आसपास येतो. त्याच कागदावर आपली सर्वांत लांब फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) किती आणि आपण बहुतेक वेळा कुठे उभे राहणार, हेही लिहावे: तलावाच्या पाळीवर, धानाच्या बांधीच्या (खाचराच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोही (नीलगाय) आणि काळवीट फिरतात त्या तुरी-कापसाच्या रानात, की जंगल सफारीच्या जिप्सीत.

उत्तर फक्त ‘जिप्सीत’ असे असेल, तर ट्रायपॉड घेऊच नये. ताडोबा, पेंच, टिपेश्वर किंवा उमरेड-कऱ्हांडला येथे खाली उतरण्याची मुभा नसते, गाडीत इतर पर्यटक असतात, आणि गाडीत उभे केलेले तीन पाय गाडीचीच थरथर लेन्सपर्यंत पोहोचवतात. तिथे बीन बॅग हेच खरे साधन आहे. ती रिकामी न्यावी, मुक्कामाच्या गावात तांदूळ किंवा हरभऱ्याने भरावी, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी चालकाला इंजिन बंद करायला सांगावे. पुढचे सर्व विवेचन पायी फिरणाऱ्या, तलावाकाठी आणि शेतात तासन्‌तास थांबणाऱ्या छायाचित्रकारासाठी आहे.

लांब लेन्सला एवढा स्थिरपणा का लागतो, हे एकदा आकड्यांत पाहिले म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स लावली, तर शंभर मीटर अंतरावर चौकटीत सुमारे सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच एवढाच भाग मावतो. गोंदियाच्या धानशेतात उभा असलेला पाच-सहा फुटांचा सारस त्या चौकटीची निम्मी उंचीही भरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आडवे सहा हजार पिक्सेल असतात, म्हणजे त्या अंतरावर एक पिक्सेल म्हणजे सारसाच्या अंगावरचा एक मिलिमीटर. तीस सेंटिमीटर लांबीच्या लेन्सचे पुढचे टोक शटर उघडे असताना केवळ तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतके कलले, तरी चित्र एका पिक्सेलने सरकते. आणि क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर पिक्सेल त्याहून बारीक असल्यामुळे मुभा आणखी कमी होते. डोळ्यांना ‘घट्ट’ वाटणारा ट्रायपॉड या मापाने घट्ट असेलच, असे नाही.

म्हणूनच खोक्यावर छापलेल्या ‘भारक्षमता १५ किलो’ अशा आकड्यावर विसंबून राहू नये. हा आकडा मोजण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एक समान पद्धत नाही, आणि तो फार तर पाय घसरणार किंवा मोडणार नाही एवढेच सांगतो. धक्का बसल्यावर पाय किती थरथरेल आणि किती वेळात शांत होईल, हे तो सांगत नाही. त्याऐवजी पायाच्या नळीचा व्यास पाहावा. नळीच्या भिंतीची जाडी तेवढीच असली, तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २२ मिमीच्या नळीपेक्षा ३२ मिमीची नळी जवळजवळ तिप्पट ताठ ठरते. माहितीपत्रकात मात्र सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत जाड नळीचा व्यास छापलेला असतो, आणि खरा कमकुवतपणा जमिनीला टेकणाऱ्या सर्वांत बारीक नळीत असतो. चार टप्प्यांच्या, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या चार नळ्यांच्या, पायात ही शेवटची नळी तीन टप्प्यांच्या पायापेक्षा एका पायरीने बारीक होते आणि एक सांधाही वाढतो. ज्यांना विमानाने प्रवास करायचा नाही आणि ज्यांचा ट्रायपॉड गाडीच्या मागच्या सीटवर किंवा मोटारसायकलला बांधून जाणार आहे, त्यांनी तीन टप्प्यांचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १००-४०० मिमीच्या लेन्सला वरची नळी २८ मिमीची चालते. ५००-६०० मिमीसाठी ३२ मिमीच्या खाली उतरू नये.

नळी कार्बन फायबरची असावी की ॲल्युमिनियमची, हा वाद पैशांपाशी येऊन थांबतो. कार्बन हलके असते आणि थरथर लवकर जिरवते. ॲल्युमिनियम स्वस्त असते, पण एप्रिल-मेच्या उन्हात हात लावणार नाही इतके तापते. आपटल्यावर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तर कार्बनला तडा जाऊ शकतो. पांदण रस्त्याने मोटारसायकलवर नेणाऱ्याने कार्बनचे पाय जुन्या गोधडीत गुंडाळूनच बांधावेत. माझा कल असा, की बारीक नळीच्या कार्बनपेक्षा जाड नळीचे ॲल्युमिनियम बरे. वजन खांद्याला जाणवते खरे, पण छायाचित्रात ते दिसत नाही.

उंचीचा हिशेब घरीच करावा. पायांची पूर्ण उंची, त्यावर हेडची (पायांवर बसणाऱ्या, लेन्स धरून फिरणाऱ्या भागाची) उंची आणि त्यावर लेन्सच्या कॉलरपासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे अंतर यांची बेरीज आपल्या डोळ्यांच्या उंचीइतकी व्हायला हवी, आणि तीही सेंटर कॉलम न उचलता. मधला दांडा वर केला की तीन पायांच्या डोक्यावर एक पाय उभा राहतो आणि जाड नळ्यांवर खर्च केलेले पैसे वाया जातात. शक्य असेल तर तो दांडाच नसलेला ट्रायपॉड घ्यावा, म्हणजे बदकांच्या पातळीवर, जवळजवळ जमिनीला टेकूनही बसवता येतो. सपाट जमिनीवर बेरीज जेमतेम जुळत असेल तर ती अपुरी समजावी, कारण तलावाच्या पाळीच्या उतारावर खालच्या बाजूचा पाय बराच लांब करावा लागतो. माणसाच्या उंचीहून वीसेक सेंटिमीटर जास्तीची सोय असावी.

आता जमिनीविषयी, कारण आपल्याकडे निम्म्या तक्रारींचे मूळ पायांत नसून पायांखाली असते. काळी कसदार जमीन ओली असताना पाय गिळते आणि सुकली की भेगाळते. दोन्ही अवस्थांत रबरी टोक वरच्या थरावर तरंगत राहते. ओल्या जमिनीत प्रत्येक पाय वरून दाबून, खालचा घट्ट थर लागेपर्यंत रोवावा, आणि त्यासाठी रबर काढून लोखंडी खिळा बसवता येईल असे पाय निवडावेत. भेगाळलेल्या रानात पाय भेगेच्या काठावर ठेवू नये, कारण तो काठ हळूहळू ढासळतो आणि तासाभराने चौकट आपोआप खाली गेलेली आढळते. धुऱ्यावर पऱ्हाटीची मुळे किंवा धानाचा उभा खुंट पायाखाली आला, तर तो दबतो आणि पुन्हा वर येतो, त्यामुळे जागा आधी पायाने साफ करून घ्यावी. उतारावर एक पाय उताराच्या दिशेने खाली आणि दोन पाय वर असावेत. उलट केल्यास लेन्सच्या भाराने सगळा डोलारा पुढे झुकतो.

वारा हा दुसरा शत्रू आहे, आणि नवेगावबांधसारख्या विस्तीर्ण तलावावर त्याला अडवायला काहीच नसते. लेन्सचे हूड वारा धरते, म्हणून सूर्य समोर नसेल तेव्हा ते काढून ठेवावे. कॅमेऱ्याचा गळपट्टा काढावा किंवा बांधून टाकावा. पायांच्या मधोमध असलेल्या हुकाला वजन टांगण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण हवेत लोंबणारी पिशवी वाऱ्याने झुलते आणि स्वतःच थरथर निर्माण करते. खताच्या रिकाम्या चुंगडीची पिशवी शिवून न्यावी, तिथलीच माती तिच्यात भरावी, आणि दोरी इतकी लांब ठेवावी की पिशवीचा तळ जमिनीला टेकलेला राहील.

हेडची निवड पायांइतकीच महत्त्वाची आहे, आणि बहुतेकांचे पैसे इथे चुकीच्या जागी जातात. गोळ्यावर सर्व दिशांना फिरणारे बॉल हेड लँडस्केपसाठी उत्तम. पण तीन किलोचा जोड त्यावर सैल केला की लेन्स एका बाजूला कोसळते, आणि पूर्ण कसला की उडत्या पक्ष्यामागे फिरवता येत नाही. दोन किलोच्या वरच्या लेन्ससाठी गिंबल हेड (लेन्सला आडव्या आणि उभ्या आसावर तोलून धरणारे) घ्यावे. त्याचा गुण असा, की नीट तोललेली लेन्स सर्व मुठी सैल असतानाही सोडाल त्या कोनात थांबते आणि एका बोटाने फिरते. तोलण्याची रीत सोपी आहे: वरखाली फिरण्याची मूठ सैल करून लेन्सची प्लेट पुढेमागे सरकवावी, पुढचे किंवा मागचे टोक खाली झुकायचे थांबले की तिथे कसावी, आणि मग लेन्सचा मध्य गिंबलच्या आडव्या आसाच्या पातळीवर येईल इतकी बैठक वरखाली करावी. झूम बदलल्यावर काही लेन्सची पुढची नळी बाहेर येते आणि तोल बिघडतो, म्हणून ज्या फोकल लेंग्थवर सर्वाधिक काम करणार तिथेच तोलावे. चांगले गिंबल स्वतःच सव्वा ते दीड किलोचे असते. वजनाच्या कागदावर ते मिळवायला विसरू नये. व्हिडिओही करायचा असल्यास संथ, एकसारख्या गतीने फिरणाऱ्या फ्लुइड हेडचा विचार करावा. कोणतेही हेड घेतले, तरी ते बसते ती बैठक पाणसळीत असणे आवश्यक आहे, नाहीतर उडत्या थव्यामागे लेन्स फिरवताना क्षितिज कलत जाते. प्रत्येक वेळी तीन पाय कमीजास्त करत बसण्यापेक्षा हेडखालची बैठक समतल करणारा लेव्हलिंग बेस घेतलेला बरा.

पाय भक्कम आणि हेड भारी असूनही चित्र हलते, तेव्हा दोष बहुधा लेन्सच्या कॉलरच्या पायात सापडतो. हा पाय काही लेन्सवर उंच आणि बारीक असतो, आणि त्यावर लहान चौकोनी प्लेट एकाच स्क्रूने लावली की ती हळूहळू फिरू लागते. आर्का-स्विस या प्रचलित खाचेदार पद्धतीची, सुमारे ३८ मिमी रुंदीची लांब प्लेट घ्यावी, ती शक्यतो दोन स्क्रूंनी लावावी, आणि तिच्या दोन्ही टोकांना घसरण रोखणारे बारीक स्क्रू आहेत याची खात्री करावी. कॉलरचा पायच खाचेदार असेल तर वेगळ्या प्लेटची गरज उरत नाही. कॅमेरा थेट ट्रायपॉडवर बसवून पुढे लांब लेन्स लोंबती ठेवणे तर कधीच करू नये.

पसंत पडलेला ट्रायपॉड पैसे देण्यापूर्वी आपल्याच लेन्ससह तपासावा. दुकानदाराने परवानगी दिली तर तो दुकानाबाहेर, वापरणार त्या उंचीवर उभा करावा. दूरच्या विजेच्या खांबावरची चिनी मातीची चिमणी (इन्सुलेटर) किंवा देवळाचा कळस चौकटीत घेऊन लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र) सर्वाधिक मोठा करावा, लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारावी, आणि चित्र किती वेळ थरथरते ते पाहावे. एका सेकंदाच्या आत शांत झाले तर उत्तम. दोन-तीन सेकंद डोलत राहिले तर तो ट्रायपॉड आपला नव्हे. मग हेडच्या खालचा भाग दोन्ही हातांनी धरून पिळल्यासारखा उजवी-डावीकडे दाबावा. पायांच्या वरच्या बिजागरीत खेळ असेल तर तो इथे हाताला कळतो. ही तपासणी करताना लेन्सचे स्टॅबिलायझेशन (थरथर भरून काढणारी सोय) बंद ठेवावे, नाहीतर ट्रायपॉडचा दोष झाकला जातो.

तपासणी सकाळीच करावी, यालाही कारण आहे. विदर्भात हिवाळ्यातही अकरा वाजल्यानंतर उघड्या रानावरची हवा तापून लहरू लागते, आणि शंभर-दोनशे मीटरवरचे चित्र त्यामुळे मऊ होते. पुष्कळ जण ती चूक ट्रायपॉडच्या माथी मारून दुसरा घेतात. ओळखण्याची खूण अशी: ट्रायपॉड हलला असेल तर चौकटीतील प्रत्येक कड एकाच दिशेने दुहेरी दिसते, हवा लहरत असेल तर एकीकडची कड इकडे आणि दुसरीकडची तिकडे वाकडी होते, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत तो वाकडेपणा बदलतो. यावर कोणतेही उपकरण उपयोगी पडत नाही. जवळ जाणे किंवा पहाटे लवकर पोहोचणे एवढेच हाती असते.

निघण्याच्या आदल्या रात्री बिजागरीचे, प्लेटचे आणि हेडच्या तळाचे स्क्रू ॲलन कीने कसून घ्यावेत आणि तीच की पिशवीत टाकावी. आरशाचा कॅमेरा असल्यास मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय) किंवा शटरचा इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा कुठे सुरू करायचा ते मेनूत पाहून ठेवावे, कारण अंधूक उजेडात १/४ ते १/६० सेकंदांच्या दरम्यान आरशाचा धक्का सर्वाधिक जाणवतो. स्थिर विषयासाठी केबल रिलीज घ्यावे. चालत्या पक्ष्यासाठी मात्र एक हात लेन्सच्या वर हलका ठेवून दाबणेच बरे. पायाचे टप्पे पाण्यात उतरवणार असाल तर खालचा टप्पा आधी थोडा बाहेर काढून मगच उतरावे, म्हणजे गाळ टप्पे आवळणाऱ्या कुलपात न जाता नळीवरच राहतो. घरी आल्यावर फिरकीची कुलपे उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून मग बंद करावीत.

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या धुऱ्यावर खिळे रोवू नयेत, विशेषतः बांधीत पाणी असताना, कारण मऊ धुऱ्याला पडलेल्या भोकातून पाणी झिरपते आणि पुढे तो फुटतो. पावसाळ्यात धानात सारसाचे घरटे असेल, तर ट्रायपॉड कितीही स्थिर असला तरी तो दूरच्या पाळीवरच उभा करावा, आणि जोडीपैकी एखादा पक्षी मान उंचावून आपल्याकडे पाहत राहिला तर तीन पाय मिटून आणखी मागे सरकावे.